यंत्रानं सांगितलं तेव्हा

विजयमालाला छातीतली धडधड पहिल्यांदा जाणवली ती भाकरी थापताना. ठोके पडत होते, पण त्यांना कसला मेळच नव्हता. दोन घाईनं, मग एक गायब, मग चार एकावर एक. ती ओट्याला टेकली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली. हिंदुराव चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गॅस झाला असंल. ओवा खा."

ओवा खाऊन तिनं तीन वर्षं काढली. धडधड यायची, घटकाभर राहायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत निघून जायची. तिथला ईसीजी दर वेळी चांगलाच निघायचा. परतताना रिक्षात हिंदुराव म्हणायचे, "तुला लई विचार करायची खोडच हाय."

पुण्यातला मुलगा अमृत या तक्रारींना कंटाळला आणि त्यानं एक यंत्र धाडून दिलं. हातात मावेल एवढी पट्टी, तिच्यावर धातूच्या दोन चकत्या. दोन्ही हातांची बोटं त्यांच्यावर ठेवायची, की हृदयाचा आलेख मोबाइलवर उमटायचा. "आई, धडधड झाली की लगेच लाव. म्हणजे एकदाचं कळेल तरी," अमृत फोनवर म्हणाला. 'एकदाचं' हा शब्द तिला लागला.

धडधड झाली, तिनं यंत्र लावलं. पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, आणि खाली अक्षरं: नोंद स्पष्ट नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. जीव घाबरा झालेला, त्यात ती चकत्या घट्ट दाबायची आणि हात आणखीच थरथरायचे. हिंदुरावांनी स्वतः लावून बघितलं. त्यांची नोंद पहिल्या फटक्यात सुरेख आली. "यंत्रात काय बी खोट न्हाय," त्यांनी फोनवर मुलाला ऐकवलं, "तुझ्या आईलाच एका जागी बसवत न्हाय."

पुढच्या तपासणीत ईसीजी काढणाऱ्या सिस्टरला विजयमालानं चोरट्यासारखं विचारलं, "माझीच नोंद का वो येत न्हाय?" सिस्टरनं तिची बोटं हातात घेतली. भाकऱ्या थापून, तव्याचे चटके सोसून ती कोरडी, खरबरीत झाली होती. "मावशी, बोटं पाण्यानं ओलसर करा. चकत्यांवर नुसती टेकवा, दाबू नका. हात टेबलावर सैल सोडा. मोबाइल चार्जिंगला असेल तर काढा. आणि अर्धा मिनिट अजिबात बोलायचं नाही."

मग एका सकाळी धडधड सुरू झाली आणि परातीतच पीठ सोडून ती उठली. हात धुतले, पुसले, बोटांची टोकं तेवढी ओली केली आणि टेबलाशी बसली. हिंदुराव समोरून म्हणाले, "झालं का सुरू तुझं? चहा कुणी करायचा?" तिनं उत्तर दिलं नाही. "अगं, मी काय इचारतोय?" तरी ती गप्प. आजवर नवऱ्याचा शब्द तिनं असा खाली पडू दिला नव्हता. पडद्यावर रेघ स्वच्छ उमटत गेली आणि खाली आलं: ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा.

हिंदुरावांचा चेहरा उतरला. त्यांनी अमृतला फोन लावला; तीन वर्षांत सवड न मिळालेला अमृत संध्याकाळी दारात हजर होता.

हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी तो आलेख बराच वेळ पाहिला. "कधीपासून होतंय हे?"

"आत्ताच सुरू झालंय मॅडम," हिंदुराव म्हणाले.

"तीन वर्षं झाली," विजयमाला म्हणाली.

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. असे ठोके पडतात तेव्हा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. "मधे कधी बोलणं अडखळलं होतं?"

अडखळलं होतं. गेल्या उन्हाळ्यात, मंद्रूपला पुतणीच्या लग्नात. बायकांनी हौसेनं उखाण्याचा आग्रह धरला, ती उभी राहिली, आणि नवऱ्याचं नाव जिभेवर येईना. तोंड वाकडंतिकडं होऊन भलतेच आवाज निघाले. अख्खा मांडव हसला. थोड्या वेळानं जीभ सुटली, पण हिंदुराव येताना गाडीत तिच्याशी बोलले नाहीत. "चार लोकांत माझी शोभा केलीस," एवढंच घरी आल्यावर म्हणाले.

तिनं हे सांगितल्यावर बाईंनी मेंदूची तपासणी करायला लावली; गुठळी अडकून गेल्याचा छोटासा जुना डाग निघाला. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. "ही तेव्हाच सुरू व्हायला हवी होती," बाई म्हणाल्या. अमृतनं गोळीचं नाव मोबाइलवर टिपून घेतलं. हिंदुरावांनी गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारलं. माफीचा शब्द कुणाच्याच तोंडून निघाला नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

आता रोज चहा झाला की हिंदुराव स्वतः यंत्र टेबलावर मांडतात, पाण्याची वाटी ठेवतात, आणि नोंद अमृतला पाठवतात. तिकडून अंगठा येतो. परवा ती म्हणाली, "आज मला बरं वाटत न्हाय. उगाच रडू येतंय."

हिंदुरावांनी चष्मा लावून मोबाइल बघितला. "नॉर्मल हाय की," ते म्हणाले.

तिनं ओली बोटं पदराला पुसली आणि ती भाकऱ्या थापायला उठली.