सोनाजीचे चार साहेब

अमरावतीच्या जुन्या चर्चमध्ये मी साठ सालाच्या आसपास पेटी वाजवायचो. तिथं जमिनीखाली चार गोरे साहेब पुरलेले, आणि वर त्यांची झाडलोट करणारा सोनाजी. एवढी मंडळी एका छपराखाली असल्यावर किस्से साचणारच, त्यात माझा काय दोष?

सोनाजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण कोणत्या दगडावर काय कोरलंय, हे तो पाहुण्यांना धडाधड सांगायचा. दर्यापूरहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "या इंजिनेर सायबाची बायको कुठं हाय?"

"सोडून गेली विलायतेले. तिले इथलं तिखट सोसत नव्हतं."

मी हळूच म्हटलं, "सोनाजी, दगडावर बायकोचं नावसुद्धा नाही."

"मंग? सोडून गेल्यावर कोन लिहीन?"

उन्हाळ्यात हा गडी चारही दगडांवर बादलीभर पाणी ओतायचा. "थंड मुलखाचे लोकं हायेत जी. आपल्यालेच सोसत नाही, त्याईले कसं सोसन?" गाणारी मंडळी ओल्या पायांनी गायची. पाद्रीसाहेब रागावले की तो त्यांच्या पायाखालीही थोडं ओतायचा. खरं सांगतो, सगळ्यांनाच बरं वाटायचं.

मग कमिटीवर नवे अध्यक्ष आले. रिटायर्ड हेडमास्तर, भलते कडक. त्यांनी ठरवलं, चर्चभर नवी फरशी बसवायची, थडग्यांच्या दगडांवरूनच. सोनाजीचं जेवण सुटलं. "तीस वर्सं झाडलं म्या त्याईले. आता तोंडावर फरशी टाकून राहिले तुमी?" असं तो मलाच विचारायचा. पण पेटीवाल्याचं कोण ऐकतो?

मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "या पुरलेल्या साहेबांना आता विचारतो तरी कोण?"

सोनाजी उठला, आतून रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आला आणि टेबलावर उपडा केला. कागदांचा ढीग पडला. चौघांतला एक साहेब जज्ज होता. त्याच्या दगडावर लोक गुपचूप अर्ज ठेवून जात. कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, तंटा. सोनाजीनं एकूणएक कागद जपून ठेवला होता.

"अडाणीपणा आहे हा," म्हणत अध्यक्षांनी वरचाच अर्ज उचलला. वाचला. पुन्हा वाचला. कान लाल झाले. घडी घालून तो खिशात ठेवत ते म्हणाले, "फरशी व्हरांड्यात बसवा." आणि निघालेच.

सोनाजी दारापर्यंत मागं धावला.

"साहेब, तेवढा कागद ठेवून जा जी. तुमच्या बाईसाहेबाच्या अर्जावर अजून निकाल लागाचा हाय."