बेबीनंदाविरुद्ध चौदा हमाल

एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत मी, दुर्गाबाई, निवडाईच्या शेडची मुकादम होते. एकवीस वर्षं. ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐका. हापिसातल्या केशवरावाला विचाराल तर तो सगळं शहाणपण सोताच्या खात्यावर टाकंल.

बेबीनंदा भोकरदनकडच्या धावडा गावची. बापानं शाळेत नाव घातलं देवानंद, पण ती ल्हानपणापासून पोरींतलीच. वीस वर्षांची झाली अन् साडी नेसली ती नेसलीच. घरातून हाकललं. भोकरदनहून एष्टीनं जालन्याला आली अन् माझ्यासमोर उभी राह्यली. टाळ्या वाजवून मागायला जमत न्हाई, काम द्या म्हणली. मी म्हणलं, बस. दोन बाया कुजबुजल्या. त्यांना मी बाजरीचं एकेक टोपलं जास्तीचं दिलं, कुजबूज बिलकुल बंद झाली. बेबीनंदाचा हात असा, की गप्पा मारता मारता दाण्यातला खडा उचलायची. चार वर्षं कोणी तिला काही विचारलं न्हाई.

श्याण्णव साली कंपनीनं विम्याचे कार्ड काढायला घेतले. कार्ड असलं की दवाखाना फुकट. अन् त्याच महिन्यात बेबीनंदाचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणला, पित्ताच्या पिशवीत खडे हायेत, ऑपरेशन जल्दी करा. दिवसभर खडे वेचणारीच्याच पोटात खडे! आम्ही हसलो, तीबी हसली, अन् मंग पोट धरून खालीच बसली. ऑपरेशनचा खर्चा तिच्या आवाक्यातला नव्हता. कार्ड मिळालं तरच काही होणार होतं.

केशवरावानं फॉर्म काढला, शाळेचा दाखला पाह्यला अन् ‘पुरुष’ लिहिलं. वरून म्हणतो, निवडाईत पुरुष कामगार ठेवत न्हाईत, कार्ड पाहिजे तर गोदामात हमालीला जावं लागंल, न्हाई तर हजेरीवरून नाव कमी. मी म्हणलं, चार वर्षं ही तुमच्या डोळ्यासमोर साडीत येऊन राह्यली, तुम्ही झोपले होते का? तर म्हणे कागद बोलतो. माझं डोकंच फिरलं. पण बेबीनंदा म्हणली, जाते मी हमालीला, फकत कार्ड होऊ द्या. त्या दिवशी मला रागानं रडू आलं.

गोदामात मुकादम धरून चौदा हमाल. मुकादम कचरू, दरवाज्याएवढा माणूस. त्यांची एक रीत होती. पोतं शिवीवर उचलायचं. वाकायचं, पोत्याच्या सात पिढ्यांना एक सणसणीत हासडायची, की पोतं पाठीवर. पहिल्या दिवशी बेबीनंदा पदर खोचून उभी राह्यली. पहिला हमाल वाकला, तोंड उघडलं, हिला पाह्यलं अन् तोंड मिटलं. पोतं जागच्या जागी. दुसरा नुसताच ‘राम राम’ म्हणला, तर पोतं गुडघ्यापर्यंत आलं अन् परत खाली बसलं. उघड्या अंगानं काम करणारे बाप्ये ऐन उन्हाळ्यात सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून घामाघूम. बेबीनंदानं पोत्याला हात लावला की चौघं धावायचे, ताई तुम्ही बसा. कचरू तर बिडी प्यायला भिंतीमागं जायला लागला.

आठ दिवसांत गोदामात पोत्यांचा डोंगर झाला अन् फाटकावर तीन ट्रक अडकले. मंग कचरूनं अर्ज लिहिला अन् माझ्या हातात आणून दिला. तो मला अजून पाठ हाय: “साहेब, गोदामात बाईमाणूस आल्यापासून आम्हाला मोकळं बोलता येत न्हाई, सदरा काढता येत न्हाई, पोतं उचलत न्हाई. तरी सदर बाईला बायांच्या शेडमधी पाठवावे. बाईचं पोट दुखतं ते वेगळंच.” खाली नऊ सह्या अन् पाच अंगठे.

मी तो अर्ज केशवरावाच्या टेबलावर आपटला. म्हणलं, तुम्हाला कागद पाहिजे होता ना, हा घ्या, चौदा जणांनी लिहून दिलंय. बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवून राह्यले होते, आतून साहेब ओरडून राह्यला होता. केशवरावानं दोनदा चष्मा पुसला. मंग ‘पुरुष’ खोडून ‘स्त्री’ लिहिलं, नाव बेबीनंदा लिहिलं, अन् पुरावा म्हणून मागं हमालांचा अर्ज टाचला. कार्ड बराबर आलं.

ऑपरेशन झालं, बायांच्या वॉर्डात. तिसऱ्या दिवशी कचरू मोसंब्या घेऊन आला अन् दारातच घुटमळत राह्यला. ताई, अर्जाचा राग धरू नका, म्हणला. बेबीनंदानं उशीखालून अर्जाची झेरॉक्स काढली.

“राग कशाचा, कचरूभाऊ? बापानं मारमारून मला पुरुष लिहिलं. मी बाई हाय हे कागदावर पहिल्यांदा तुम्ही लिहिलं.”

कचरूनं मोसंब्या खाटेवर ठेवल्या, व्हरांड्यात गेला, अन् तिथं त्यानं अशी एक शिवी हासडली की सिस्टर पळत आली.