हरळीचं गणित

आमच्या माळावरचा एक तुकडा कॉलेजच्या सरांनी वर्षापूर्वी तारेचं कुंपण घालून बंद केला. आज त्यात मारवेल गवत गुडघाभर माजलेलं दिसलं आणि त्याच्या सावलीत हरळी पिवळी पडलेली.

सर वही दाखवत म्हणाले, "वहिनी, गणितच सांगतं, दोन गवतांतलं एकच टिकणार. त्यात वर चराईचा मार नको; हरळी वाचवायला आता सगळा माळ बंद करू."

म्हणजे माझी म्हैस उपाशी! काय ही अक्कल! कुंपणाबाहेर दोघी सुखानं नांदतात, कारण म्हैस मारवेलीचे शेंडे खाते. आमच्या घरातही सासूबाई थोरल्या जाऊबाईंचा तोरा रोज खुडतात, म्हणून मी धाकटी टिकले. एवढ्या जाड वहीत खाणारं तोंडच नाही!

सरांच्या देखत फाटकाची कडी काढली आणि म्हैस आत सोडली.