हंबीररावांच्या एमजीला घातलेला हार

हंबीरराव चव्हाणांची शिवी ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीची सकाळ होत नसे. हे मी कौतुकानंच सांगतोय. उद्यमनगरात त्यांचं लेथचं दुकान. दिवसभर लोखंड सोलायचं आणि संध्याकाळी आम्हाला.

चैन म्हणून एकच. सदुसष्ट सालची एमजी मिजेट, इंग्लंडची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी. एवढी बुटकी की गल्लीतली म्हैससुद्धा तिच्याकडे वरून बघते. दुसऱ्या कुणी ती पुसून ठेवली असती, पण यांना शर्यतीत पळवायची होती. बंपर गेले, काच गेली, डोक्यावर पाइप वाकवून पिंजरा आला. रेडिएटरमागचा पंखासुद्धा काढला. तेवढीच इंजिनाची ताकद वाचते, आणि पळत्या गाडीला समोरचं वारं बास होतं म्हणे. शेवटी वजन कमी करायला डावीकडची सीट काढली, तेव्हा संयोगितावहिनींनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "दोन सीटांतली एक काढलीसा. आता मी काय बॉनेटवर बसू?"

"तू लायनीवर घड्याळ धर की. तुझ्या वजनानं दोन सेकंद जात्यात."

"आन तुमच्या पोटानं चार!"

गडमुडशिंगीजवळच्या एका माळावर हौशी मंडळींनी ट्रॅक केलाय. दसऱ्यानंतरच्या रविवारी दहा फेऱ्यांची शर्यत. हंबीरराव कधी पहिले आले नाहीत, पण त्यांनी दहा फेऱ्या सोडल्या नाहीत, आणि वहिनींनी घड्याळ.

गेल्या वर्षी श्रावणात वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप. त्यानंतर शिवी बंद. माणूस दुकानात जातो, येतो, जेवतो. गाडीवर ताडपत्री.

मी आपल्या परीनं प्रयत्न केले. त्यांच्या फाटकात मुद्दाम स्कूटर आडवी लावली. "असू दे," म्हणाले. त्यांच्या झाडाची पपई तोडून त्यांच्याच पायरीवर बसून खाल्ली. "गोड हाय का?" म्हणाले. आमची बायको म्हणाली, "अवो, किती छळताय त्यांना?" तिला कोण सांगणार की मला एक शिवी पाहिजे होती. एक जरी आली असती, तरी माणूस आत शिल्लक आहे असं समजलो असतो.

म्हणून यंदा परस्पर त्यांचं नाव शर्यतीत घातलं. त्यांनी ताडपत्री काढली, तेल बदललं, प्लग साफ केले. सगळं नीट, पण पंचायतीचा नळ दुरुस्त करावा तसं.

आता हार-नारळाशिवाय गाडी गल्लीबाहेर न्यायची आमच्यात रीत नाही. तो मान वहिनींचा. मी मंडईतून मनगटाएवढा जाड झेंडूचा हार आणला आणि गाडीच्या तोंडावर, रेडिएटरपुढच्या जाळीवर तारेनं दोन पदरी आवळून टाकला. दिसत होती मात्र झकास! हंबीरराव बघत उभे होते.

"झालं का?" एवढंच म्हणाले.

पाच फेऱ्या बऱ्या गेल्या. सहाव्या फेरीत बॉनेटमधून वाफ दिसली. सातव्या फेरीतही गाडी तशीच पळत होती. आठव्याला पलीकडच्या वळणावर फस्स झालं आणि ती थांबली. मी धावत गेलो. पाणी उकळून उडालेलं, इंजिनाचं हेड गॅस्केट जळून गेलेलं. वाऱ्यानं आत ढकललेल्या झेंडूच्या पाकळ्या रेडिएटरवर शेणाच्या थापीसारख्या बसून वारं अडलेलं. शिजल्या फुलांचा वास सुटला होता.

"हंबीरराव, हार मी बांधला," मी म्हणालो. "हाणा मला. रताळ्या म्हना, काय पण म्हना."

"ताजा हुता," ते म्हणाले.

"टेंपरेचरचा काटा तांबड्यात गेल्याला दिसला न्हाय?"

"दिसला की."

"मग पाय का न्हाई काढलासा?"

त्यांनी थोडा विचार केला. "बघत बसलो."

ते वाकून नखानं जाळीतल्या पाकळ्या उकरत होते.

"ती हार स्टिअरिंगला बांधायची," ते म्हणाले. "लायनीवर आलं की काढून घ्यायची. जाळीवर कधी न्हाय."

"मग सकाळी सांगायचं न्हाई व्हय?"

हाराचा उरलेला तुकडा सोडवून ते गाडीच्या डाव्या बाजूला गेले, पाय आत टाकला आणि जिथं सीट नाही तिथं, उघड्या पत्र्यावर बसले. गुडघे हनुवटीला टेकले. हार मांडीवर.

"ढकल, केरबा. स्टिअरिंग भायेरनं धर."

मी ढकलायला लागलो. मिजेट लहान खरी, पण माझ्या वयाच्या माणसाला जड. माळावर ऊन चढलं होतं. त्यात इंजिनाची धग.

"हंबीरराव, पत्रा तापलाय. भाजत आसंल की!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तळहात पत्र्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"व्हय. भाजतंय."

पण उठले नाहीत. मी ढकलत राहिलो.