दोन डावे हात

रहाटणीतल्या माझ्या भंगाराच्या दुकानात दर रविवारी एक म्हातारा येतो. नाव त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. प्लास्टिकचं पोतं उपसून जत्रेत विकले जाणारे नकली हिरोंचे जुने बाहुले तेवढे काढतो आणि प्रत्येकाचे हात बघतो.

"काय राव, सून बघताय का?" मी एकदा म्हणालो.

तो हसला नाही. "दोन्ही हात डावे असलेला बघतोय. साचा मी केलता, चूक माझीच. कळेस्तोवर डझनभर नग जत्रेत खपले. कारखान्याच्या मालकानं मला समद्यांसमोर हाकललं."

अकरा त्यानं शोधलेत. घरी कुलपात ठेवतो, कुणाला दाखवत नाही. "बारावा घावला की सुटलो, भाऊ," म्हणतो. हे म्हणताना त्याचा चेहरा विझतो.

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण माणूस ओळखतो. बारावा मागच्या महिन्यातच माझ्या पोत्यात निघाला. वजनकाट्यामागच्या डब्यात आहे.

काल त्यानं पोतं पुन्हा पालथं केलं. "न्हाईच का हो?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्यानं गुडघे झटकले. "मग येतो पुढल्या रविवारी."