घर क्रमांक दोनशे चौदाचा पाहुणा

आष्टीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अण्णा गर्दीतून पुढे झाले आणि खिडकीतून त्यांनी आपला रुमाल आतल्या सीटवर टाकला. मला जागा धरली. अंगात तोच खाकी शर्ट होता, वनखात्यानं कामावरून कमी करून चार महिने झाले होते तरी. आई स्टँडवर आली नव्हती, दळण आहे म्हणाली होती. दळण आदल्या दिवशीच झालेलं मला ठाऊक होतं. गाडी हलायला लागली तसे अण्णा खिडकीचा गज धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "कुणी इचारलं कुठली, तर गावाचं नाव सांग. घर नंबर सांगू नको."

बापानं लेकीला असं काही सांगितल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. इतरांचे बाप सांभाळून राहा म्हणतात, फोन कर म्हणतात. तो रुमाल मात्र मी परत दिला नाही. अजून माझ्याकडे आहे.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले आणि जे माझ्यासारखे मोशी-चाकणकडे खोल्या धरून बसले, त्या सगळ्यांना आमच्या घराची एक गोष्ट माहीत आहे. ती अशी, की माळावरचं काळवीट मारणारा शिकारी आमच्या घरी उतरला होता आणि अण्णांनी त्याला पाणवठा दाखवला. ही गोष्ट खोटी आहे. खरी काय ते मला माहीत आहे, कारण ती मीच टाइप केली होती.

अण्णा वनखात्यात रोजंदारीवर मजूर होते. गावाच्या वरच्या अंगाला खात्याचा माळ आहे, त्यावर सिमेंटचा एक पसरट पाणवठा. उन्हाळाभर सायकलीला चार कॅन लटकवून हातपंपाचं पाणी तिथवर न्यायचं आणि ओतायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांना गावात कुणी फार मान दिला असं नाही. हरणांचा कळप हरभऱ्यात शिरला की लोक अण्णांनाच शिव्या घालायचे, जसं काही त्यांनीच दावं सोडून दिलंय. "तुमची जनावरं आवरा," असं माझ्या सख्ख्या मामानं त्यांना भर पारावर सुनावलं होतं. मामाचंही चूक नव्हतं. एका पहाटेत अख्खा पट्टा साफ झालेला मी पाहिला आहे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन भरायचे. कळपात एक थोराड नर होता, पाठ काळीकुळकुळीत आणि डावा कान मधोमध फाटलेला. त्याला ते कानफाटा म्हणायचे. अण्णांनी पाणी ओतून चार पावलं मागं सरावं आणि कानफाट्यानं पुढं यावं, इतका त्या दोघांचा हिशेब पक्का होता.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. बारावीनंतर कोर्स केलेला, गावात माझ्याशिवाय कुणाला दाखला काढता येत नव्हता, त्यामुळे मलाही थोडी शिंगं फुटलेली होती.

त्या वर्षी रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, मारायला परवाने देण्यावरून तालुक्यात बैठक झाली. साहेब आले होते. साहेब म्हणजे ज्यांच्या फोनवर आमच्याकडे बदल्या होतात आणि थांबतात ते. शेतकऱ्यांचा राग खरा होता, आणि साहेबांना खरा राग बरोबर ओळखता येतो. त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, की परवाना मिळेल तो गावच्या रहिवाशालाच, बाहेरचा माणूस बंदूक घेऊन आपल्या रानात पाय ठेवणार नाही. काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. अण्णांनीसुद्धा वाजवल्या, कारण त्यांना वाटलं, गावचा माणूस निदान कानफाट्याला ओळखेल.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या. निम्म्या गावाला कुलपं लागली. दिवाळीनंतर एके दुपारी सरपंच माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद ठेवला. त्यावर सहा नावं होती. एकही आडनाव आमच्या गावचं नाही.

"साहेबांचे पाव्हणे हायेत. रहिवासी दाखले काढ," ते म्हणाले.

"पण हे राहतात कुठं?"

"टोळीवर गेलेल्यांची घरं कावून मोकळी ठिवायची? टाक त्यांचे नंबर."

म्हणजे साहेबांनी जो नियम केला, तो पहिल्यांदा मोडायला साहेबांचीच माणसं आली. आणि मोडायचाही नव्हता, फक्त पाहुण्यांना रहिवासी करायचं होतं. जे खरे रहिवासी ते कर्नाटकात कोयता घेऊन उसात, आणि त्यांच्या कुलूपबंद घरात कागदोपत्री बंदूकवाले राहायला आले. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर, साहेबांचं काम आपल्या हातून होतंय याचं थोडं अप्रूपही होतं. ते अप्रूप आठवलं की मला आजही स्वतःची किळस येते.

पाच दाखले मी टोळीवाल्यांच्या घरांवर काढले. सहाव्याच्या वेळी सरपंच डोक्यावर उभे, बाहेर गाडी चालू. घर क्रमांकाच्या चौकटीत माझ्या बोटांनी आपोआप दोनशे चौदा टाकलं. मशीन तपासायला, नवा फॉर्म उघडून बघायला मी नेहमी आमचाच नंबर टाकायचे, बोटांना तीच सवय. छापून सही-शिक्का होऊन कागद गेलासुद्धा. मला कळलं तेव्हा जीप फाट्यापर्यंत पोचली होती. मी गप्प बसले. एक नंबर तर आहे, असं मनाला सांगितलं.

पंधरा दिवसांनी सकाळी माळावरून बंदुकीचा आवाज आला. खुरपायला गेलेल्या बाया ओरडत पळाल्या, माणसं जमली, जीप धूळ उडवत निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा कानफाटा पाणवठ्याच्या कडेला पडलेला होता. शिंगं करवतीनं कापून नेलेली. फाटक्या कानावरूनच ओळखायचा. पाण्यात रक्त उतरलं होतं आणि अण्णा ते पाणी ओंजळीनं बाहेर काढत होते, एकेक ओंजळ, कुणाकडे न बघता. धांदलीत शिकाऱ्यांची प्लास्टिकची फाईल तिथेच पडली होती. वनपाल आले, त्यांनी फाईल उघडली, रानडुकराचा परवाना काढला, त्याला जोडलेला दाखला काढला आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचला. नाव वाचलं. मग वाचलं, राहणार घर क्रमांक दोनशे चौदा.

अण्णांचे हात पाण्यातच थांबले.

"हा माणूस तुमच्या घरात राहतो?" वनपालांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर दाखला खोटा ठरला असता, आणि दाखल्याच्या तळाला तयार करणारी म्हणून माझं नाव छापलेलं होतं. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पुढची वीस वर्षं मला पुरेल असं ते पाहणं होतं. मग उभे राहून ओल्या हातांनीच म्हणाले, "ऱ्हातो. पाव्हणा हाय आमचा."

मी तिथे दहा पावलांवर उभी होते. 

पुढे फोन फिरले. नव्या पंचनाम्यात काळवीट कुत्र्यांनी मारलं असं आलं. शिंगं करवतीनं कापणारी कुत्री आमच्याच तालुक्यात निघाली म्हणायची! पाहुण्याचं काही वाकडं झालं नाही. अण्णांना तेवढं कामावरून कमी केलं, कारण ज्याच्या घरात शिकारी राहतो तो पाणवठ्यावर कसा चालेल? आणि तुम्ही गाववाल्यांनी, जे काल त्यांना हरणांचा कैवारी म्हणून शिव्या घालत होतात, त्यांनी आता हरण विकलं म्हणून घातल्या. अण्णांनी एकदाही तोंड उघडलं नाही. मलाही घरात ते त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित मी राहिले असते. त्या गप्पपणात मला जेवण जाईना, म्हणून मी निघाले.

आता मी मोशीत एका शाळेच्या ऑफिसात आहे. काम ऐकाल तर हसाल. प्रवेशाच्या वेळी पालकांचे पत्त्याचे पुरावे तपासते. भाडेकरार, लाइटबिल, आधार. कुणाकुणाचे कागद खोटे आहेत हे मला लांबून कळतं, वासच येतो. समोरची बाई घाबरलेली असते, पोराला चांगली शाळा मिळावी एवढंच तिला हवं असतं, आणि मी कागद उलटून बघते आणि मंजुरीचा शिक्का मारते. मग संध्याकाळपर्यंत पाण्यातून ओंजळी काढणारे हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आणि तो पाहुणा. तो आमच्या घरातून गेलाच नाही. दाखल्यामागून त्याचं नाव गावाच्या रहिवासी नोंदीत चढलं आणि तिथेच राहिलं. लग्न झाल्यावर माझं नाव मात्र एका दिवसात कमी झालं. दर एक-दोन वर्षांनी कुणी यादी घेऊन दारात येतं आणि विचारतं, हे कुठायत? अण्णा उंबऱ्यावरून सांगतात, "कामाला भाईर गेलाय." एकदा बोललेलं खोटं त्यांना पोसावं लागतं. आई सुरुवातीला चिडायची, नंतर तिला त्याची सवय झाली. एकदा मी गेले होते तेव्हा भाकरी जास्त झाली तर सहज म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पाव्हण्याच्या वाटंची." आम्ही तिघंही हसलो आणि मग कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. ज्याचं तोंड आम्ही धड पाहिलेलं नाही तो आमच्या घरात माझ्या जागेवर रुमाल टाकून बसलाय.

या उन्हाळ्यात अण्णा सायकलवरून पडले. पगार बंद झाला तरी कॅन त्यांनी बंद केले नव्हते, हे तुम्हाला माहीत नसेल. मी गेले. जाताना शाळेच्या कॉम्प्युटरवर एक अर्ज टाइप करून नेला. सदर इसम घर क्रमांक दोनशे चौदामध्ये कधीही राहत नव्हता, त्याचा दाखला मी, म्हणजे अण्णांची मुलगी, हिने खोटा तयार केला, त्याचं नाव कमी करावं. अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी पट्टी बांधलेला पाय जवळ घेतला आणि अर्जावर बोट ठेवलं.

"तुझं नाव येतंय ह्याच्यात."

"येऊ द्या."

"मी बी खोटा पडन मंग."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खाकी शर्ट घातला आणि काठी घेऊन माझ्याबरोबर निघाले.

पंचायतीत माझ्या जुन्या टेबलावर आता दुसरी मुलगी बसते. तिनं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि बिचकत म्हणाली, "ताई, तुमचा पत्ता तर मोशीचा हाय. अर्ज रहिवाशाचाच लागतो. तुमचा न्हाई चालायचा."

मी हसायला लागले. मला आवरेनाच. सहा बंदूकवाले ज्या खुर्चीवरून मी गावचे केले, त्याच खुर्चीवरून ती मुलगी मला सांगत होती की तू गावची नाहीस, आणि तिचं अगदी बरोबर होतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी अर्ज ओढून घेतला, माझं नाव होतं त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर कोरत. "मी त्या वेळी वनपालांपुढं खोटं सांगितलं," एवढं त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवलं. ओसरीत आठ-दहा माणसं बसली होती, मामाही होता. अण्णा त्या मुलीला म्हणाले, "आता वाच. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. घर क्रमांक वाचताना तिचा आवाज बारीक झाला.  मामानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगी म्हणाली, अर्ज वर जाईल, निर्णय येईपर्यंत नाव यादीत राहील. वर कोण बसलंय हे सगळ्यांनाच माहीत होतं. माझं काय व्हायचं ते होवो.

पाणी मीच नेलं. अण्णा माळाच्या बांधावर बसून राहिले. मी कॅन ओतले आणि त्यांच्यासारखीच चार पावलं मागं सरले. कळप लांब बाभळींपाशी उभा होता. एकही जनावर हललं नाही. दहा पावलं मागं गेले, वीस गेले, तरी नाही. शेवटी मी बांधावर अण्णांजवळ येऊन उभी राहिले.

"अजून मागं," ते म्हणाले. "तुला वळखत न्हाईत."

मी पार डांबरी रस्त्यापर्यंत गेले, जिथून पुण्याची गाडी जाते. तिथून मागं वळून पाहिलं तर माना खाली घालून सगळी पाण्यावर आली होती. बांधावर खाकी शर्ट दिसत होता. घर कुठं आहे असं आता कुणी विचारलं, तर मला तेवढंच अंतर आठवतं. त्याच्या आत मी पाऊल टाकलं, की कळप थांबतो आणि पाणी तसंच राहतं.