दगूबाईच्या धाब्यावरचं ऊन

“ऊन सरकी ऱ्हायनं, उठा!”

दगूबाईच्या तोंडी दिवसभर हेच. ऊन सरकतंय, उठा. शेजारणीला हेच, पारावरच्या म्हाताऱ्यांना हेच, आणि सगळ्यांआधी आपल्या तीन मांजरांना: भुरीला, कबरीला आणि एका कानतुटक्या बोक्याला. सारंगखेड्याच्या अलीकडे दोन कोसांवर, तापीच्या काठी तिचं एका खणाचं घर होतं. मातीचं सपाट धाबं हेच त्याचं छप्पर. हिवाळ्यात मांजरं तिथे गोणपाटावर उन्हाला पसरत. ऊन पुढे गेलं की दगूबाई गोणपाट ओढून पुढे नेई. मांजरं आळस देत चार पावलं चालत आणि पुन्हा पसरत. ती मात्र कधी बसली नाही.

“दगूमाय, तुन्हा पायले भिंगरी बांधेल शे का?” गावचा जागल्या सुपडू खालून विचारी.

“बांधेल शे. तुन्हा पायले काय, जातं बांधेल शे?”

संवत छप्पनच्या दुष्काळात गावातली पाखरंसुद्धा नाहीशी झाली होती. पाऊसपाण्याचं बरं झाल्यावर एक चिमणी परत आली, ती दगूबाईच्या धाब्यावर. तेव्हापासून दगूबाई रोज ज्वारीची कणी टाके. आधी मांजरांना दूधभाकरी, ती पोटभर खाऊन लोळली की मगच पाखरांना दाणे. तीन वर्षांत एका चिमणीचंही पीस पडलं नव्हतं, याचा तिला मोठा ताठा होता.

माघातल्या एका सकाळी भुरीने तोंडातलं काहीतरी गोणपाटावर आणून ठेवलं. उंदीर होता. दगूबाईने काडीने उलटा करून पाहिला. कुठे दात लागलेला नाही, रक्ताचा ठिपका नाही. मेलेलाच उचलून आणलेला.

प्लेगची दवंडी साऱ्या गावाने ऐकलेली होती. ज्याच्या घरी उंदीर पडेल त्याने पाटलाला सांगायचं. मग गाव खाली. साऱ्यांनी शेतात झोपड्या घालून राहायचं, आणि उंदीर पडलेल्या घराचं धाबं फोडून आत ऊन सोडायचं. हेही एक वेळ सोसलं असतं. पण नदीपलीकडच्या गावात लोकांनी असा उंदीर धरणारं मांजर पोत्यात घालून तापीत सोडलं होतं.

तिने उंदरावर टोपली पालथी घातली. खाली उतरली, चूल पेटवली, विझवली, पुन्हा वर आली. उकिरड्यात पुरला तर कोणाला कळणार? भुरी उन्हात पाय चाटत होती. कठड्यावर चिमण्यांचा गलका चालला होता. आज दाणे टाकायचे राहिलेच होते. दगूबाई पुन्हा खाली उतरली, पुन्हा वर चढली.

तेवढ्यात लागून असलेल्या धाब्यावर शेजारीण तापीबाई मिरच्या वाळत घालायला आली.

“चिड्या बोंबली ऱ्हायन्यात. आज दाना कसाले नही टाका व? आनि ती टोपली रिकामीच शे ना? मिरच्या मावत नहीत मन्ह्या.” बोलता बोलता तिने कठड्यावरून हात पुढे केलाही.

“हात लावू नको!” दगूबाई ओरडली. चिमण्या भुर्रकन उडाल्या. तापीबाईचा हात तसाच राहिला. त्या हाताकडे बघत दगूबाई हळू म्हणाली, “उंदीर शे, बाई. मरेल. दात नही लागेल.”

घटकाभरात हिंमतराव पाटील धाब्यावर आले. मिशीला पीळ देत त्यांनी विचारलं, “कोनी आना?”

“कोनी नही. वरथीन पडना.”

“धाब्यावर वरथीन? आभायमाईन?”

दगूबाईने वर पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं. “घारनी टाका,” ती म्हणाली.

पाटलांनी भुरीकडे पाहिलं. भुरीने डोळे मिटून घेतले. मग पाटील जिना उतरता उतरता म्हणाले, “घारनी टाका, बरं. घारले पोतामा कोन भरी? पन गाव उठाडनं पडी.”

वेचणीचा कापूस झाडावर सोडून गाव उठलं. दगूबाईने भुरीला त्याच टोपलीत झाकून नेलं, पण वेशीपाशी तिने उडी मारली आणि ती माघारी पळाली. बाकीची दोन मांजरं घर सोडायलाच तयार नव्हती. मागे सुपडूच्या पहारीचे घाव धाब्यावर पडत होते.

वेशीच्या आत जायची मनाई. दगूबाई रोज पहाटे भाकरी आणि दुधाचा गडू घेऊन वेशीपाशी येई, सुपडू तो आत नेई. दिवस उजाडला की ती टाचा उंचावून आपलं धाबं न्याहाळी. चिमण्या दोन दिवसांतच माणसांमागून झोपड्यांकडे आल्या होत्या. मांजरं मात्र धाब्यावर एकदाही दिसली नाहीत. आठ दिवस तिने काढले. नवव्या दिवशी तिने गडू हातातून सोडलाच नाही.

“सुपडू, खरं सांग. दूध कोन पेस? तूच ना?”

“मी दूध पेतू तं असा काडीना ऱ्हातू का? तुन्ही भुरी भोकमाईन घरमा उतरस. भोकमाईन ऊन पडस ना, तठेच पडेल ऱ्हास. तिन्ही तठेच शेतस.”

“सरकस का?”

“ऊन सरकनं का तीबी सरकस. तुन्हासारखीच शे, एक जागावर दम नही.”

दगूबाईने गडू त्याच्या हातात दिला. डोळ्यांना पदर लावला न लावला, तोच पलीकडच्या बाभळीवर चिमण्या ओरडायला लागल्या. तिकडे झोपडीपुढे दाणे टाकायचे राहिले होते.

“दोन घडी बठ व माय.”

“ऊन सरकी ऱ्हायनं,” म्हणत ती निघाली. कापसाच्या पांढऱ्या शेतातून भराभर, पदर खोचत, एकदाही मागे न बघता. वेशीतून सुपडू बघत राहिला. आणि त्याच्या मागे, फुटक्या धाब्याच्या काठावर, आज दूध अजून आलं नाही म्हणून वर आलेली भुरी.